खाली येण्याचा रस्ता वेगळा

नागाव, ता. अलिबाग
कार्तिक वद्य

चि. सायलीस,


तुझं पत्र आणि सोबतचा तुमच्या गरिबी-निर्मूलन कार्यक्रमाचा जाडजूड नमुना मिळाला. भात झोडून झालं आहे आणि वाल पेरायला अजून माणूस मिळालेला नाही, तेव्हा सवड काढून सगळा वाचला. तुमच्या संस्थेने श्रीवर्धन-म्हसळ्याकडची गावं घेतलीत हे बरं केलंत. अलिबागेत पैसा ओतायला मुंबईकर आहेतच.

तू विचारलंस, यात काय राहिलंय? नमुन्यात पुष्कळ गोष्टी बरोबर आहेत. नळ, शौचालय, शेळ्या, काजूची कलमं, डोळ्यांची तपासणी, मुलींची शाळा, काही सुटलेलं नाही. तीन वर्षं घराबरोबर राहायचं आणि शेवटी किती घरं 'वर आली' ते मोजायचं, हा बेत चांगला आहे. पण वर आलेलं घर चौथ्या-पाचव्या वर्षी कुठे असेल, यासाठी त्यात एकही रकाना नाही. तुम्ही घराचं उत्पन्न विचारता, जनावरं विचारता, छप्पर विचारता. वाईट वर्ष आलं तर पहिल्या आठवड्यात हे घर कोणाच्या दारात जातं, हे विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच हवा.

मी बचत गटांचं काम करत होते तेव्हा वरून दर तिमाहीला आकडे मागायचे. गट किती, बचत किती, कर्ज किती, परतफेड किती टक्के. हप्ता थकला तर तो का थकला हे लिहायला जागा नसायची, म्हणून मी ते वहीच्या मागच्या पानांवर टिपून ठेवायचे. त्या वह्या अजून आहेत. कारणं फिरून फिरून तीच: नवऱ्याचं ऑपरेशन, सासू अंथरुणाला, दिराची हळद, बोट बंद, शेताच्या बांधाला खांड पडली, सर्पदंश. 'धंदा नीट चालला नाही' असं कारण शोधावं लागतं. बायकांचा धंदा बरा चालत असे. धंद्याचा पैसा दुसरीकडेच जात असे.

तू मागच्या दिवाळीत अनिरुद्ध कृष्ण यांचं 'वन इलनेस अवे' ठेवून गेलीस. इंग्रजी असल्यामुळे सावकाश वाचलं, पण वाचलं. गृहस्थ आधी राजस्थानात आयएएस अधिकारी होते, मग प्राध्यापक झाले. पुस्तक २०१० सालचं. त्यांची युक्ती मला आवडली. गावाला एकत्र बसवायचं आणि विचारायचं, अगदी गरीब घराच्या हातात चार पैसे आले की ते पहिल्यांदा काय करतं? त्यानंतर काय? त्यानंतर? राजस्थानातल्या गावांनी सांगितलं, आधी पोटभर अन्न, मग मुलांची शाळा, मग अंगभर कपडे, मग कर्ज फेडणं. अशा पायऱ्या गावानेच ठरवल्या की कुठलं घर पंचवीस वर्षांपूर्वी कोणत्या पायरीवर होतं आणि आज कुठे आहे, तेही गावच सांगतं. पस्तीस गावांत असं विचारल्यावर दिसलं की शंभरातली अकरा घरं गरिबीतून वर आली होती, आणि त्याच पंचवीस वर्षांत, त्याच गावांत, आठेक घरं नव्याने गरिबीत गेली होती. सरकारी आकड्यात यातली नुसती वजाबाकी उरते. शंभरात तीन घरं सुधारली, एवढंच.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे वर येण्याची कारणं आणि खाली जाण्याची कारणं एकमेकांची उलट नाहीत. वर येणाऱ्यांच्या मागे जोडधंदा असतो, शेताला पाणी मिळालेलं असतं, घरातला एखादा शहरात कामाला लागलेला असतो. खाली जाणाऱ्यांच्या मागे आजारपण असतं, लग्न-मर्तिक असतं, व्याज असतं. म्हणून वर येण्याची योजना कितीही चांगली राबवली तरी खाली येण्याचा रस्ता उघडाच राहतो. तुमच्या नमुन्यातला निम्मा खर्च मला त्या रस्त्यावर हवा आहे.

आकड्यांचंच निघालं म्हणून सांगते. नीती आयोगाच्या २०२३ च्या अहवालात महाराष्ट्रातली बहुआयामी गरिबी २०१५-१६ मध्ये १४.८ टक्के होती ती २०१९-२१ मध्ये ७.८१ टक्क्यांवर आली, असं आहे. तुझ्या साहेबांनी तो आकडा नमुन्याच्या पहिल्याच पानावर घातला आहे. घालू देत, चांगली बातमी आहे. फक्त त्यांना सांग की तो आकडा ज्या आरोग्य पाहणीवरून काढला तिचं महाराष्ट्रातलं काम २०१९ च्या उत्तरार्धातच उरकलं होतं. म्हणजे करोनाच्या आधी, आणि आमच्या दृष्टीने निसर्ग वादळाच्या आधी. ३ जून २०२० नंतर श्रीवर्धनची कुटुंबं कुठे आहेत ते त्या पानावरून कळायचं नाही.

आता त्या दिवसाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तू तेव्हा पुण्याला होतीस आणि तुला टीव्हीवर पत्रे उडताना दिसले तेवढंच माहीत आहे.

श्रीवर्धनच्या अलीकडे एका गावात आमच्या गटातली एक बाई आहे. नाव लिहीत नाही, तू तिथेच जाणार आहेस. घरामागे सहा गुंठ्यांची वाडी. सत्तर-ऐंशी पोफळी, दहा-बारा माड, पोफळींवर चढवलेले मिरीचे वेल, कडेला जायफळाची दोन झाडं. आजेसासऱ्याच्या हातची लागवड. हे घर कधी कुठल्या दारिद्र्यरेषेच्या यादीत नव्हतं. सुपारी उतरवायची, अंगणात वाळवायची, सोलून विकायची. श्रीवर्धनच्या रोठ्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. त्यावर वर्षाचा किराणा, मुलाची फी आणि अधूनमधून घराची कौलं चाळून घेणं, एवढं भागायचं. स्वतःची सोलून झाली की शेजारच्या मोठ्या वाडीवाल्यांची सुपारी सोलायला जायची, ते पैसे तिचे स्वतःचे.

वादळ दुपारी किनाऱ्याला लागलं. ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरचा वारा. पोफळ एरवी वाऱ्याला वाकते आणि परत उभी राहते, त्या दिवशी मधोमध मोडली. माड मुळासकट आडवे झाले, त्यातला एक पडवीवर. संध्याकाळी वारा उतरल्यावर ती मागच्या दारात आली तर समोर समुद्र दिसला. लग्न होऊन आल्यापासून त्या दारातून तिला कधी समुद्र दिसला नव्हता.

पुढे काय झालं ते तुमच्या कामाचं आहे. आधी जाहीर झाली ती भरपाई हेक्टरी पन्नास हजार. ऐकायला बरी वाटते. पण हेक्टर म्हणजे शंभर गुंठे धर. गुंठ्याला पडले पाचशे. तिच्या सहा गुंठ्यांचे तीन हजार. किनाऱ्यावरच्या वाड्या गुंठ्यांवर मोजतात, हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसावं. ओरड झाली तेव्हा झाडावर दर ठरला, पोफळीला पन्नास रुपये, माडाला अडीचशे. पन्नास रुपये! पडलेलं खोड तोडून बाहेर काढायला मशीनवाला त्याहून जास्त मागत होता. वाडी साफ करण्यातच भरपाई संपणार होती, आणि ती अजून हातात आलेलीच नव्हती.

हातात का नव्हती? कारण सातबारा आजेसासऱ्याच्या नावाने. वारस म्हटलं तर वीसेक, त्यातले निम्मे मुंबईत, दोघं गुजरातेत. सामाईक सातबाऱ्यावरची रक्कम एकाच्या खात्यात जमा करायची तर बाकीच्यांची संमतीपत्रं लागतात. बाहेर टाळेबंदी, गावात वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. गावोगाव हेच चाललं होतं. वाडी जो राखतो त्याचं नाव कागदावर नाही आणि कागदावर ज्यांची नावं आहेत त्यांना वाडी कुठे सुरू होते हेही माहीत नाही. तुमच्या नमुन्यात 'जमीन आहे / नाही' असे दोन चौकोन आहेत. तिथे तिसरा काढ: जमीन कसतो, नाव नाही. वारसनोंदी, वाटणी, सातबाऱ्यावर झाडांची नोंद, ई-पीक पाहणी, हे सगळं गरिबीचंच काम आहे. शेळीवाटपासारखा त्याचा फोटो निघत नाही एवढंच. एका मुलाला तलाठी कार्यालयात खेटे घालायला पगार द्या. त्याने एका वर्षात जेवढी घरं वाचतील तेवढी शंभर शेळ्यांनी वाचणार नाहीत.

बाईचं पुढे ऐक. दुसऱ्याची सुपारी सोलून मिळणारे पैसेही बंद झाले, कारण गावात कोणाकडेच सुपारी नव्हती. दीर मुंबईत टॅक्सी चालवायचा, तो टाळेबंदीत घरी बसलेला. गटाकडे आली तर गटातल्या दहाही जणींना त्याच आठवड्यात पैसा हवा होता. एकीचा नवरा आजारी पडला तर बाकी नऊ जणी तिला सावरतात, हे मी असंख्य वेळा पाहिलं आहे आणि त्यासाठी बचत गटाला माझे हात जोडलेले आहेत. पण वादळ सगळ्यांकडे एकाच दुपारी येतं. तेव्हा गावाच्या आत पैसाच नसतो, कोण कोणाला देणार? त्यासाठी पैसा किनाऱ्याबाहेरून आला पाहिजे. तुमच्या संस्थेच्या गटांचा संघ कराल तेव्हा किनाऱ्यावरची गावं एकत्र बांधू नका, माणगाव-तळ्याकडचे गट त्यात घाला. आणि एक रक्कम मुंबईत बाजूला ठेवा, जी वादळानंतर आठ दिवसांत, कुठलाही पंचनामा न मागता, घरटी वाटता येईल. आठ दिवसांत आलेल्या पाच हजारांनी जे होतं ते आठ महिन्यांनी आलेल्या पंचवीस हजारांनी होत नाही. मधल्या काळात सोनं गेलेलं असतं.

नवी पोफळ लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं. श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्राची 'श्रीवर्धनी' जात चांगली आहे. पण रोप मिळून भागत नाही. कोवळ्या पोफळीला सावली लागते, आणि सावली देणारीच झाडं पडलेली. म्हणून आधी केळी लावायची, केळी वर आली की तिच्या आडोशाला पोफळ. हे सगळं त्या बाईने केलं, कोणी न सांगता. आता सरकारी फळबाग योजनेकडे बघ. तिचं अनुदान तीन वर्षांत तीन हप्त्यांनी मिळतं, पन्नास, तीस आणि वीस टक्के. तुमचाही कार्यक्रम तीन वर्षांचा. झाडाचा हिशेब सातव्या वर्षाचा. मधली चार वर्षं घराने काय खायचं हे कोणी लिहिलेलं नाही. १९९० साली रोजगार हमीला जोडून फळबाग योजना आली तेव्हा कोकणातल्या वरकस डोंगरांवर आंबा-काजू उभे राहिले, पुष्कळ घरांचं त्याने भलं झालं. पण ज्यांच्याकडे मुंबईहून मनीऑर्डर यायची त्यांचीच कलमं जगली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. बाकीच्यांना उन्हाळ्यात पाणी घालायला घरी थांबणं परवडलं नाही.

मनीऑर्डरवरून आठवलं. आपल्या आजोबांच्या पिढीत कोकणातल्या घराचा विमा म्हणजे गिरणीतला एक मुलगा. इकडे पीक गेलं तर तिकडचा पगार, तिकडे संप झाला तर इकडचा तांदूळ. १९८२ च्या संपात ही व्यवस्था मोडली. कामगार गावी आले ते कायमचेच, आणि तिकडून पैसा येणं थांबलं तेव्हा कळलं की शेतीने पोट भरत होतं ही समजूतच होती. आज पोरं हॉटेलात, सिक्युरिटीत, मॉलमध्ये आहेत. पगार आहे, फंड नाही. तुम्ही गावात कौशल्याचे वर्ग घेणार आहात त्यात एवढं बघा की नोकरी लागलेल्या पोराला फंड आणि ईएसआय आहे ना. मुंबईत चार पैसे कमी मिळाले तरी चालतील.

कोळीवाड्यांबद्दल तू फार थोडं लिहिलंस, 'मासेमारी : उत्पन्न चांगले' असा शेराच मारलास. नाखव्याचं असेल. खलाशी वाट्यावर जातो, जून-जुलैत बंदीमुळे बोटी वर ओढलेल्या असतात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंतचं घर बायका सुक्यावर चालवतात. बोंबील वलांडीवर असताना अवकाळी पाऊस आला की तो सगळा माल कुजतो, आणि अलीकडे अवकाळी हाच नियम झाला आहे. त्यांना शेळ्या नकोत. वाळवायला छप्पर असलेली जागा आणि बाजारात बसायला हक्काचा ओटा हवा, हे कुठल्याही कोळणीला विचार, ती पहिल्या वाक्यात सांगेल, आणि दुसऱ्या वाक्यात तुझ्या नमुन्याची टिंगल करेल.

सायली, आता जरा तुला न आवडणारं लिहिते. या किनाऱ्यावर गरिबीतून सर्वांत जास्त माणसं जी बाहेर आली ती कुठल्या संस्थेमुळे नाही. आपल्याच तालुक्यात चरी आहे. खोताला निम्मं पीक, वर वेठबिगार, वर नाना तऱ्हेची देणी. १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या मागे चरीच्या आसपासच्या पंचवीस गावांतल्या कुळांनी ठरवलं, खोताची जमीन कसायची नाही. सहा वर्षं शेतं ओस ठेवली. १९३९ पर्यंत. डोंगरावरची लाकडं विकून, कंदमुळं खाऊन माणसं राहिली. पुढे कुळांच्या नोंदी झाल्या, १९३९ चा कूळकायदा आला, मग १९४८ चा, खोती १९४९ च्या कायद्याने गेली आणि १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक झाला. बाबासाहेबांनी १९३७ मध्येच मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं होतं, त्यांनाही या संपाचं मोल कळलं होतं. तुझे पणजोबा त्या संपात होते, हे तुला माहीत आहे. पण त्यांनी मिळवलं काय, तर नावाचा कागद. वर येण्याची आणि खाली न जाण्याची सोय एकाच कागदात होती: पीक आलं तर आपलं, नाही आलं तर निदान कोणी बाहेर काढणार नाही.

आणि आता तोच सातबारा निबंधकाच्या कार्यालयात एका दुपारी दुसऱ्याच्या नावावर होतो. मांडव्याला रो-रो आली, अटल सेतू झाला, गुंठ्याचा भाव ऐकून माणसाला चक्कर येते. विकणाऱ्याला मी दोष देत नाही. शेतात खारं पाणी शिरलं की दोन-तीन पावसाळे भात धड होत नाही, पूर्वी बंदिस्तीची खांड गावकी मिळून एका ओहोटीत बुजवायची, आता ती सरकारची म्हणून कोणी हात लावत नाही. मग शेत विकेल नाही तर काय करेल? पण विकलेल्या पैशाचं पुढे काय होतं ते तुमच्यासारख्यांनी बघायला हवं. पहिल्या वर्षी घर बांधतात, दुसऱ्या वर्षी गाडी, तिसऱ्या वर्षी पोराची हळद. आपल्या आगरी-कोळ्यांतली हळद तू पाहिली आहेस, लग्न परवडलं पण हळद आवर. हजार पान, डीजे, वर पाहुण्यांची सरबराई. काही गावांनी ठराव करून खर्चाला लगाम घातला आहे, तिथे घरं सावरलेली दिसतात. मागच्या महिन्यात एका ओळखीच्या घरी गेले. स्लॅबचं दोन मजली घर, दाराशी गाडी. घरधनी शेजारच्या बंगल्यावर माळी आहे. बंगला त्याच्याच शेतात उभा आहे. तुमच्या नमुन्यात हे घर 'सुस्थितीत' बसेल, सगळे चौकोन भरतील. गाडीचे हप्ते थकले आहेत आणि बायकोचं डायलिसिस सुरू झालं आहे.

डायलिसिसला महात्मा फुले योजनेमुळे पैसे पडत नाहीत हे खरं. २०१२ ला ती जीवनदायी या नावाने आली तेव्हापासून मी बघते, ऑपरेशनच्या बिलापायी विकलेलं सोनं कमी झालं. पण श्रीवर्धनच्या माणसाला मोठा इलाज म्हणजे पनवेल किंवा मुंबई. आठवड्यातून दोन-तीन वेळा गाडीभाडं, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, बाहेरचं जेवण, बाहेरून आणायची औषधं. हे कुठल्या कार्डात नाही. माझ्या वहीच्या मागच्या पानांवर योजना आल्यानंतर 'ऑपरेशन' कमी झालं आणि 'येणं-जाणं' वाढलं. तुम्ही तपासणीची शिबिरं कमी घ्या, श्रीवर्धनला डायलिसिसची यंत्रं नीट चालतात का ते बघा आणि नसतील तर त्यामागे लागा.

शेळ्यांच्या मी विरोधात आहे असं समजू नकोस. बांगलादेशच्या ब्रॅक संस्थेने २००२ पासून जे केलं आणि भारतासह सहा देशांत ज्याची तपासणी होऊन २०१५ साली प्रसिद्ध झाली, त्यातही शेळ्या-कोंबड्या होत्याच. पण त्याबरोबर काही महिने खायला रोख पैसे दिले, बचत करायला लावली आणि कोणीतरी दर आठवड्याला घरी येऊन बसत होतं. रोख पैसे यासाठी की भुकेच्या महिन्यात बाईने शेळी विकू नये. हे आपल्याकडच्या योजनांत नेमकं गळतं. शेळी मिळते, आषाढ येतो, शेळी जाते, आणि मग अहवालात लिहितात की लाभार्थींना जनावर सांभाळायची सवय नाही.

कातकरी वाड्यांबद्दल मात्र सावध राहा. त्यांच्याकडे दिवाळीनंतर गेलीस तर वाडी रिकामी सापडेल. भट्टीवाल्याने गणपतीत उचल दिलेली असते, ती फेडायला अख्खं घर वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जातं ते पावसाच्या तोंडावर येतं. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा आहे, उचल चालूच आहे. तुमची बैठक, तुमचं प्रशिक्षण, तुमची शाळा, सगळं हिवाळ्यात ठरलेलं. म्हणजे जे सर्वांत गरीब त्यांना तुम्ही वेळापत्रकानेच वगळलंत. तिथे काम सुरू करायचं तर श्रावणात करा, जेव्हा घरात दाणा नसतो आणि भट्टीवाला दाराशी उभा असतो. त्याच्याआधी पोचा. तो देतो तेवढीच रक्कम, व्याजाशिवाय, गावातच मिळाली तर किती जणी जायच्या थांबतात ते बघ. शिवाय त्यांच्या झोपड्या ज्या जागेवर आहेत ती जागा बहुधा दुसऱ्याच्या नावावर असते. आता केंद्राच्या जनमन योजनेतून त्यांना घरं मंजूर होत आहेत, पण घराला आधी जागा लागते. पेण आणि माणगावकडे संघटनांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्यांना भेटल्याशिवाय वाडीत पाऊल टाकू नकोस. ते तुझ्याशी प्रेमाने बोलतीलच असं नाही. ऐकून घे.

तू शेवटी लिहिलं आहेस की साहेबांना 'बाहेर पडण्याची अट' हवी आहे, म्हणजे कुठल्या उत्पन्नाला घराचं नाव यादीतून काढायचं. काढूच नका. मदत थांबवा, भेटी कमी करा, पण नाव राहू द्या आणि वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, कोणीतरी जाऊन तीन गोष्टी विचारा: यंदा घरात कोण आजारी पडलं, काय विकलं, कोणाचं देणं आहे. यातल्या दोन गोष्टींचं उत्तर आलं की त्या घराला पुन्हा आत घ्या, तोवर उत्पन्न कितीही दिसो. साहेब म्हणतील यात खर्च फार. नमुन्यातली ती शेवटची 'प्रभाव मूल्यमापन' आणि चित्रफितीची रक्कम मी पाहिली. त्यात दहा वर्षांच्या भेटी सहज बसतात.

दत्तजयंतीच्या आसपास येणार असशील तर रविवारी येऊ नकोस, नागावच्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांमुळे दोन तास जातात. बुधवारी ये, गटाची बैठक असते. तुझा नमुना घेऊन ये, पण सगळ्यांसमोर उघडू नकोस. आधी त्या बायकांना पायऱ्यांचा तो राजस्थानवाला प्रश्न विचारू. मी एकदा सहज विचारला होता. पहिलं पोटभर अन्न हे त्यांनीही सांगितलं, दुसऱ्या पायरीवर मात्र भांडण लागलं ते अजून मिटलेलं नाही. निम्म्या म्हणतात मुलीची शाळा, निम्म्या म्हणतात छप्पर. तू येऊन मिटव.

शहाळी पाठवली आहेत, ड्रायव्हरला चहा दे.

तुझी,
आत्या